टेबलाखालचा पेटारा

माझ्या शॅकमध्ये, म्हणजे हौशी रेडिओच्या खोलीत, येणारा प्रत्येक जण आधी रिगकडे (रेडिओ संचाकडे) बघतो आणि मग टेबलाखाली पाय आपटून "आई गं!" म्हणतो. तो माझा पॉवर सप्लाय. १३.८ व्होल्ट, २० अँपिअर, वजन नऊ किलो.

आधी मीही एलईडीच्या पट्ट्यांना लावतात तो जाळीच्या डब्यातला एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) आणला होता. स्क्रू फिरवून १२ चे १३.८ केले आणि संध्याकाळी ४० मीटरच्या रेडिओ बँडवर कान लावला. दर साठेक किलोहर्ट्झला घरघर! तीही एका जागी थांबेना, डबा तापेल तशी सरकायची. रिग बॅटरीवर टाकली की बँड शांत. फेराइटच्या कड्यांतून वायरी गुंडाळल्या. कमी झाली, गेली नाही. चांगले एसएमपीएस असतात, मान्य. पण तोवर ट्रान्सफॉर्मरवाला स्वतः बनवायच्या हट्टाला मी पेटलो होतो.

रिवाइंडिंगवाल्या काकांकडे १८ व्होल्ट, २५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर सांगितला. "कशाला?" "रेडिओला." "रेडिओला पंचवीस अँपिअर?" चष्म्यावरून बघत राहिले. हवेत १०० वॉट सोडायला रिग वीसेक अँपिअर ओढते, हे पटवेपर्यंत चहा गार झाला.

बाकीचं सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतलं: १०,००० मायक्रोफॅरडचे चार कंडेन्सर, व्होल्टेज स्थिर राखणारा ७२३ आयसी, चार ३०५५ ट्रान्झिस्टर, प्रत्येकाच्या एमिटरला ०.१ ओहम, म्हणजे भार चौघांत सारखा वाटला जातो. डबा भरला, चालला, तेव्हा क्रोबार, म्हणजे व्होल्टेज वाढलं तर आउटपुट शॉर्ट करून रिग वाचवणारं सर्किट, लावायचा मला कंटाळा आला होता. एका जुन्या हॅमनं (हौशी रेडिओवाल्यानं) ऑन एअरच झापलं, म्हणून लावला. जास्त व्होल्टेज ओळखणारा १५ व्होल्टचा झेनर आणि त्याच्या इशाऱ्यावर शॉर्ट करणारा एक जाडा एससीआर, बस्स.

सहा महिन्यांनी सकाळच्या नेटवर (हॅमच्या ठरलेल्या वेळेच्या गप्पांत) बोलता बोलता रिग गप्प. फ्यूज उडालेला. उघडून मीटर लावला तर एक ३०५५ कलेक्टर-एमिटर शॉर्ट. त्याच्या आणि हीटसिंकच्या मधल्या मायकाला उष्णता वाहून नेणारं कंपाउंड लावायचंच मी विसरलो होतो, बिचारा भाजून मेला. कंडेन्सरवरचे वीस-बावीस व्होल्ट सरळ रिगकडे निघाले होते. रिगच्या पुस्तकात लिहिलंय १३.८, अधिक-उणे १५ टक्के. म्हणजे सोळाच्याही आत. एससीआरनं आउटपुट शॉर्ट करून फ्यूज उडवला.

नवा ३०५५ बसवला, चारही मायकांना दोन्ही बाजूंनी कंपाउंड चोपडलं. फ्यूज आता अर्धा डझन आणून ठेवलेत.