बावीसनखी

आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला राहणाऱ्या माझ्या भाचीने आइसलँडिक शीपडॉग जातीचा कुत्रा पाळल्यापासून तिच्यासाठी भेटवस्तू निवडणे सोपे झाले, असे घरातल्या सर्वांचे मत आहे. मला मात्र ते काम पूर्वीपेक्षा अवघड वाटते. कुत्र्याचे चित्र असलेला कप, उशी किंवा मोजे दिले की श्वानप्रेमी माणूस खूश होतो, असा बाजाराचा समज आहे. उभे कान आणि पाठीवर वळलेली झुपकेदार शेपूट एवढे जमले की चित्रकाराच्या लेखी उत्तरेकडची सगळी कुत्री सारखीच, त्यामुळे कपावर बहुधा हस्की अवतरतो. मालकाची नजर मात्र आधी मागच्या पायांकडे जाते, कारण या जातीत प्रत्येक मागच्या पायाला आतल्या बाजूने दोन जादा बोटे असणे उत्तम लक्षण मानतात. आपल्याकडे गावोगाव, नेहमीच्या अठराऐवजी वीस नखे असलेल्या वीसनखी कुत्र्याचे कौतुक होते. त्या हिशेबाने भाचीचा कुत्रा बावीसनखी भरतो, आणि ही जादा नखे ज्या चित्रात नाहीत ते तिच्या दृष्टीने दुसऱ्याच कुणाचे तरी चित्र असते.

तिचा हा अभिमान मला अवाजवी वाटत नाही. नवव्या शतकात वसाहतीसाठी आलेल्या नॉर्स लोकांबरोबर या कुत्र्याचे पूर्वज आइसलँडला पोहोचले आणि पुढे मोकळ्या डोंगरांवर चरणाऱ्या मेंढ्या वळवणे हेच त्यांचे काम झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाच्या साथीने यांची संख्या फार घटली. पुढे १९५० च्या दशकात मार्क वॉटसन या इंग्रज गृहस्थाने दुर्गम भागांतून काही कुत्री शोधून कॅलिफोर्नियाला नेली आणि जात टिकवण्याच्या प्रयत्नांना जोर आला. वॉटसन यांचा जन्मदिवस, १८ जुलै, आता या कुत्र्याचा दिवस म्हणून साजरा होतो. खुद्द रेक्याविकमध्ये, कुत्र्यांच्या फीतकृमीमुळे माणसांना होणाऱ्या आजाराच्या धास्तीने, १९२४ पासून १९८४ पर्यंत कुत्रा पाळायलाच बंदी होती. भाची आज ज्या रस्त्यावर याला फिरवते, तिथे तिच्या आजेसासऱ्यांना तो ठेवता आला नसता.

हा कुत्रा भुंकून मेंढ्या हाकतो आणि आकाशात घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांवरही भुंकतो, कारण कोकरांवर झडप घालणारे पक्षी हेरणे हा त्याच्या कामाचाच भाग होता. सदनिकेत राहूनही हा कर्तव्यभाव सुटत नाही, त्यामुळे खरी भेटवस्तू वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना द्यायला हवी, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मालकाला द्यायचीच असेल तर उपयोगाची वस्तू द्यावी. डिसेंबरात तिथे जेमतेम चार तास दिवस असतो, तेव्हा अंधारात चमकणारा गळपट्टा कोणत्याही कपापेक्षा सरस ठरतो. दाट दुहेरी केसांचा हा प्राणी केस गाळू लागला की घरभर लोकर पसरते, म्हणून लांब दातांचा चांगला कंगवाही चालेल.

मी मात्र घोंगडी पाठवायची ठरवली आहे. मेंढ्यांच्या देशाला लोकर पाठवणे म्हणजे कोकणात नारळ नेण्यासारखे आहे, हे मला कळते. पण तिथली लोकर स्वेटरांत जाते, आणि दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, चिंचोक्याची खळ लावलेल्या ताण्यावर सनगरांनी विणलेली जाड घोंगडी तिथे कुठे मिळणार? मेंढपाळाच्या कुत्र्याला बसायला मेंढपाळाचीच वस्तू असावी, एवढा साधा विचार त्यामागे आहे. काळी घोंगडी घेऊ नका, तिच्यावर पांढरे केस दिसतात, असे भाचीच्या आईने बजावले आहे, म्हणून दुकानदाराला पांढऱ्या-करड्या पट्ट्यांची दाखवायला सांगितली आहे. टपालाचा खर्च घोंगडीच्या किमतीहून अधिक होणार, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.