कोराकुएन बघायची तर पाटाच्या कडेने चाला

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलं, ती मूळ बाग, कोराकुएन, जपानमधल्या ओकायामा शहरात आहे. तिथला दाइम्यो, म्हणजे त्या मुलखाचा धनी, इकेदा त्सुनामासा याने ती करवून घेतली. काम पाहिलं त्सुदा नागातादा या त्याच्या कारभाऱ्याने. १६८७ साली सुरू झालेली बाग १७०० मध्ये पुरी झाली आणि १८८४ पासून सगळ्यांना खुली आहे.

बहुतेक जण शेजारचा ओकायामाचा किल्ला पाहून त्सुकिमी पुलावरून दक्षिण दरवाजाने आत येतात, तळ्याकाठी फोटो काढतात आणि अर्ध्या तासात बाहेर पडतात. जवळपास १३ हेक्टरची बाग अशी उरकू नये. दीड-दोन तास हाताशी ठेवा आणि बागेतून वाहणाऱ्या पाटाचं बोट धरा. तळी, धबधबे, भाताचं खाचर हे सगळं त्या पाण्याने एकमेकांना जोडलंय. मधे युइशिनझान ही जेमतेम ६ मीटरची टेकडी लागते. तेवढी चढाच, कारण सपाट बागेत एवढी उंचीही पुरते आणि पाटाची वळणं वरूनच नीट कळतात.

सर्वात जास्त वेळ र्‍यूतेनला द्या. हा चारी बाजूंनी मोकळा मंडप, आणि पाट त्याच्या पोटातून वाहतो. पाण्यात सहा रंगीत दगड मांडलेत. पाट जमिनीलगतच असल्यामुळे उभ्याने बघून काही कळत नाही. फळ्यांवर टेकलं की पाणी दगडाला वळसा घालून जाताना दिसतं. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बागेतल्या बऱ्याच इमारती जळाल्या, त्यातून ही वाचली. धनी बागेत आला की जिथे बसायचा, ते एन्योतेई मात्र नंतर पुन्हा उभारलेलं आहे.

चहाघराकडे जाताना वाटेच्या दगडावर काळ्या दोरीने फुलीसारखा बांधलेला मुठीएवढा धोंडा दिसला, तर तिथूनच मागे फिरा. पुढची वाट बंद, एवढाच त्याचा अर्थ. पाहुणे तो दगड शोभेचा समजून ओलांडतात आणि यजमानांची पंचाईत होते.

जपानात कुठेही चटईवर बसून मॅचा, म्हणजे हिरव्या चहाची भुकटी पाण्यात घुसळून केलेला चहा, घेणार असाल, तर पिशवीत स्वच्छ मोजे ठेवा. चपला घालून फिरणाऱ्यांची इथेच अडचण होते. अंगठ्या आणि कडी आधी काढा, नाहीतर वाडग्यावर ओरखडे उठतात. चटईच्या कापडी काठावर पाय देऊ नका. आधी गोड खाऊन संपवा, मग चहा; त्या गोडावरच चहाचा कडूपणा बसतो, म्हणून साखर मागायची नसते. वाडगा डाव्या तळव्यावर घेऊन उजव्या हाताने घड्याळाच्या दिशेने दोनदा थोडा फिरवा, म्हणजे त्याची दर्शनी बाजू आपल्या ओठांना लागत नाही. तीन-चार घोटांत संपवा. गप्पांत रेंगाळलात तर भुकटी तळाशी बसते आणि शेवटचा घोट गाळासारखा लागतो.

ओकायामा स्टेशनवरून ट्रामने शिरोशिता थांब्यावर उतरलं की पुढे दहा मिनिटांची चाल. २० मार्च ते सप्टेंबरअखेर बागेचे दरवाजे सकाळी साडेसातला उघडतात. तेव्हाच जा: किल्ला बागेच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे भर दुपारी ऊन समोरून येतं आणि फोटोत त्याच्या काळ्या भिंतींचा नुसता ठिपका उरतो.