एका तिकिटासाठी 55 मिनिटे : लक्सरच्या पश्चिम तीरावरील माझा अनुभव

इजिप्तमधील लक्सरजवळच्या ‘राजांच्या दरी’त रामसेस सहावा या राजाचे थडगे आहे आणि त्यातील दफनकक्षाच्या छतावर नूत या आकाशदेवीच्या दोन लांबच लांब आकृती रंगवलेल्या आहेत. ही देवी संध्याकाळी सूर्याला गिळते, रात्रभर सूर्य तिच्या देहातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला पुन्हा जन्म देते. मी सत्तावीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि प्राचीन संस्कृतींचा पाठ आला की हे छत मला जमेल तसे खडूने फळ्यावर काढून दाखवत असे. निवृत्तीनंतर गेल्या जानेवारीत आम्ही उभयता इजिप्तला गेलो, ते मुख्यतः या छतासाठी. व्हिसा, विमानप्रवास, हॉटेल यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही; सारे सुरळीत झाले. अडले ते दरीच्या तिकीटखिडकीवर, आणि त्याची चुटपुट अजून गेलेली नाही.

आमच्या सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘सर्व प्रवेशशुल्क समाविष्ट’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. पहाटे हॉटेलवरून निघालेली आमची बस पुलावरून नाईल ओलांडून पश्चिम तीरावर आली आणि दरीच्या प्रवेशद्वारापाशी गाइडने सर्वांच्या हाती एकेक तिकीट दिले. हे साधे तिकीट होते. दरीत साठहून अधिक थडगी असली तरी एका वेळी त्यांतील थोडीच उघडी ठेवतात आणि साध्या तिकिटावर त्यांपैकी कोणतीही तीन पाहता येतात. परंतु तुतनखामून, सेती पहिला आणि रामसेस सहावा यांच्या थडग्यांना वेगळे तिकीट लागते, आणि ते थडग्याच्या दारात मिळत नाही, बाहेरच्या खिडकीवरच घ्यावे लागते. कंपनीच्या लेखी ‘सर्व’ म्हणजे साधे तिकीट एवढेच होते, हे मला त्या क्षणी, दरीच्या तोंडाशी उभी असताना कळले.

पैसे भरायला माझी हरकत नव्हती. गाइड बाकीच्या मंडळींना घेऊन विजेच्या गाडीने पुढे गेला आणि आम्ही दोघे रांगेत उभे राहिलो. आमचा क्रमांक आल्यावर मी इजिप्शियन पौंडांच्या नोटा पुढे केल्या, तेव्हा खिडकीतील गृहस्थांनी शांतपणे शेजारच्या फलकाकडे बोट दाखवले : रोख रक्कम स्वीकारली जात नाही, फक्त कार्ड चालेल. त्यांचे काहीच चुकले नाही. फलक स्पष्ट होता आणि नियम सर्वांना सारखाच होता. मी माझे कार्ड दिले आणि यंत्राने ते नाकारले. दुसऱ्यांदाही तेच झाले. ह्यांचे कार्ड तर केवळ देशांतर्गत वापराचे निघाले.

येथे थोडे तपशिलाने सांगते, कारण भारतातून जाणाऱ्या कोणाचीही अशी अडचण होऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या 2020 सालच्या नियमानुसार नव्याने दिलेल्या कार्डांवर परदेशातील व्यवहार मुळात बंद असतात आणि खातेदाराने ते स्वतः सुरू करावे लागतात. निघण्यापूर्वी मी बँकेच्या शाखेत जाऊन ‘हे कार्ड इजिप्तमध्ये चालेल ना?’ असे विचारले होते आणि ‘हो, चालेल’ एवढेच उत्तर मिळाले होते. ते सुरू करावे लागते, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. बँकेच्या अॅपमधून हे काम दोन मिनिटांत होते, पण त्यासाठी बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिम फोनमध्ये असावे लागते. माझ्या फोनमध्ये कैरोच्या विमानतळावर घेतलेले सिम होते आणि भारतातील सिम हॉटेलच्या तिजोरीत, नदीच्या पलीकडे. मी बँकेच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि वीस मिनिटे ध्वनिमुद्रित सूचना ऐकल्या; अखेर माणूस बोलला तो ‘नोंदणीकृत क्रमांकावरून फोन करा’ असे सांगण्यासाठी. एव्हाना रांगेतील कितीतरी माणसे आमच्यामागून येऊन तिकीट घेऊन आत गेली होती. ‘अगं, राहू दे आता, निदान बाकीची तीन तरी पाहू,’ असे हे म्हणाले. मला ते पटणे शक्य नव्हते.

अखेर आम्ही दिसत नाही म्हणून गाइडच परत आला. त्याने स्वतःचे कार्ड काढून आमची दोन तिकिटे घेतली, तेवढेच पौंड मोजून घेतले आणि वर काहीही घ्यायला ठाम नकार दिला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. तोवर दरीसाठी ठरलेल्या दोन तासांतील 55 मिनिटे निघून गेली होती.

म्हणून माझे सांगणे असे, की आगाऊ रक्कम भरण्याआधी कोणकोणत्या थडग्यांचे तिकीट समाविष्ट आहे ते नावानिशी लिहून मागा. निरनिराळ्या बँकांची दोन कार्डे न्या, त्यांवरील परदेशी व्यवहार घरीच सुरू करा आणि भारतातील सिम फोनमध्येच राहू द्या. थडग्यांच्या आत गाइडला समजावून सांगण्याची परवानगी नसते, तेव्हा काय पाहायचे ते बाहेरच नीट ऐकून घ्या. आम्हाला ते ऐकायला वेळ उरला नव्हता. माझे वाचन होते म्हणून निभावले.

छताविषयी काय लिहू? निळ्याशार पार्श्वभूमीवर दोन नूत पाठीला पाठ लावून पसरल्या आहेत, एक दिवसाची आणि एक रात्रीची, आणि सुमारे 3,150 वर्षांपूर्वीचा पिवळा रंग काल लावल्यासारखा दिसतो. मी मान वर करून उभी राहिले आणि मला रडू आले. याच थडग्याचे काम करणाऱ्या कारागिरांच्या झोपड्या खालच्या उतारावर होत्या आणि त्यांच्याखाली तुतनखामूनच्या थडग्याचे तोंड झाकले गेले. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांना त्याची पहिली पायरी 4 नोव्हेंबर 1922 रोजी सापडली, तोपर्यंत ते जवळजवळ जसेच्या तसे राहिले ते बऱ्याच अंशी त्यामुळे. फळ्यावर छत काढताना ही गोष्ट मी नेहमी सांगत असे. आता ते अंतर स्वतः चालून पाहिले, अगदी हाकेच्या अंतरावर आहे.

त्यानंतर रामसेस चौथा याचे थडगे धावतपळत पाहिले. त्याचा प्राचीन आराखडा पपायरसवर (लव्हाळ्याच्या प्राचीन कागदावर) काढलेला सापडला असून तो इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. साध्या तिकिटावर मेरेनप्ताह राजाचे थडगेही पाहायचे मी ठरवले होते, ते राहून गेले. देर अल-बहरी येथे हॅटशेपसूट राणीच्या मंदिरात मधल्या सज्ज्यावरील पुंत या धूपासाठी प्रसिद्ध प्राचीन देशाच्या सफरीची शिल्पे मात्र निवांत पाहता आली. मुळांसकट टोपल्यांत घालून जहाजावर चढवलेली धूपाची झाडे तेथे अवश्य शोधा. दुपारी कर्नाकच्या मंदिरातील 134 खांबांच्या दालनात कोणाचीच घाई नव्हती.

आणखी एक आठवले. मेदिनेत हाबूचे मंदिर किंवा कारागिरांचे गाव देर अल-मेदिना स्वतंत्रपणे पाहायचे असेल, तर त्यांची तिकिटे तेथे दारात मिळत नाहीत. मेम्नॉनच्या दोन भव्य पुतळ्यांच्या पुढे मुख्य तिकीटघर आहे, तेथूनच ती आधी घ्यावी लागतात. थडग्यांच्या आत दमट उकाडा असतो, म्हणून जानेवारीतही पाण्याची बाटली जवळ ठेवा.

परत आल्यावर मी सहल कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. ‘सर्व प्रवेशशुल्क’ याचा अर्थ साधे प्रवेशशुल्क असाच घ्यावा, असे उत्तर आले. मग तसेच छापा, असे मी उलट कळवले आहे.