‘हलकं काम’ म्हणजे नेमकं किती किलो?

अपघातानंतर किंवा लांबलेल्या आजारपणानंतर कामगार परत येतो, तेव्हा त्याच्या हातात एक चिठ्ठी असते. ‘कामावर रुजू होण्यास हरकत नाही. सहा आठवडे हलकं काम द्यावं.’ डॉक्टरांच्या बाजूनं विषय मिटलेला असतो. सुपरवायझरचा तिथेच सुरू होतो, कारण त्याच्याकडे ‘हलकं काम’ नावाचं काम कुठेच नसतं. मग दोनपैकी एक काहीतरी घडतं. त्या माणसाला कोपऱ्यात स्टूलवर बसवून ठेवतात, किंवा चार दिवस सांभाळून घेतात आणि पाचव्या दिवशी गर्दी वाढली की जुन्या मशीनवर उभं करतात. स्टूल ही शिक्षाच आहे. दुसऱ्या प्रकारात माणूस पुन्हा रजेवर जातो, आणि ही दुसरी रजा पहिलीपेक्षा लांबते, कारण आता त्याला स्वतःच्या शरीराचाच भरवसा वाटत नाही.

डॉक्टरांना तरी काय दोष द्यायचा? त्यांनी ते काम पाहिलेलंच नसतं. ‘पॅकिंगमध्ये आहे’ एवढ्यावरून त्यांना काय कळणार? म्हणून कामगार डॉक्टरांकडे जाण्याआधी त्याच्या कामाचा कागद तयार हवा. कामाचं नाव नको, कामाचे तुकडे हवेत. प्रत्येक तुकड्यापुढे लिहायचं : वजन किती (अंदाजानं नाही, काट्यावर ठेवून), कुठल्या उंचीवरून कुठल्या उंचीपर्यंत, अंगापासून किती लांब, तासाला किती वेळा, सलग किती वेळ उभं राहून किंवा वाकून. एका पानात बसतं. जो माणूस ते काम रोज करतो, त्याच्या शेजारी अर्धा तास उभं राहून लिहिलं तरच ते खरं उतरतं. ऑफिसात बसून लिहिलेल्या कागदात निम्म्या गोष्टी नसतात.

अंतर आणि उंची का हवी, याचा हिशोब सरळ आहे. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र जगभर वापरतात. त्यात मूळ मर्यादा २३ किलोची आहे, पण ती आदर्श परिस्थितीत : ओझं अंगालगत म्हणजे घोट्यांपासून २५ सेंटिमीटरवर, हात जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर, अंगाला पीळ नाही, खेपा कमी. तेच ओझं ५० सेंटिमीटर लांब धरलं की मर्यादा निम्मी होते. त्यात ते जमिनीवरून उचलायचं असेल, तर ती ९ किलोच्याही खाली येते. खेपा वाढल्या की आणखी खाली. आणि हे धडधाकट माणसाचं गणित आहे, नुकतं दुखण्यातून उठलेल्याचं नाही. म्हणजे ‘१० किलोपेक्षा जास्त उचलू नये’ असं चिठ्ठीवर असलं, तरी खोल पेटीच्या तळातून काढलेले १० किलो त्याला झेपतीलच असं नाही.

डॉक्टरांना विचारायचं ते आजाराचं नाव नाही. ते कंपनीला कळायची गरजही नसते, आणि कामगाराच्या संमतीशिवाय विचारूही नये. विचारायचं ते एवढंच : या कागदावरचं काय जमेल, काय अजिबात नको, काय बदल केल्यास जमेल, आणि हे बंधन कुठल्या तारखेपर्यंत. ब्रिटनमध्ये २०१० साली आजारपणाच्या दाखल्याचा नमुना याच विचारानं बदलला. आधी ‘काम करू नये’ एवढंच लिहायची सोय होती. आता ‘अमुक बदल केले तर काम करता येईल’ असंही लिहिता येतं, आणि टप्प्याटप्प्यानं सुरुवात, वेळेतला बदल, कामातला बदल, जागेतली सुधारणा असे चार पर्याय फॉर्मवरच छापलेले असतात. छापील फॉर्म नसला तरी हे चार प्रश्न साध्या कागदावर लिहून देता येतात.

उदाहरणच घेऊ. पॅकिंगमधल्या कामगाराचं मनगट मोडलं होतं, प्लास्टर नुकतं निघालंय. हाड जुळलं म्हणून हात तयार झाला असं होत नाही. मनगट आखडलेलं असतं आणि मुठीची ताकद यायला पुढे काही महिने लागतात. समजा डॉक्टरांनी लिहिलं की २ किलोपर्यंत वजन चालेल, जोरानं पकडणं आणि पिळणं नको. पॅकिंगचे तुकडे असे : खोके घडवणं, माल भरणं, टेपगननं चिकटपट्टी मारणं, लेबल लावणं, स्कॅनिंग, थप्पी लावणं. थप्पीचं काम सगळेच काढून घेतात. टेपगन मात्र हातात राहते, कारण ती वजनाला हलकी. नेमकी तीच घात करते. तिला घट्ट मूठ लागते, आणि पट्टी तोडताना प्रत्येक खोक्याला मनगटाला झटका बसतो. या माणसाला लेबल, स्कॅनिंग आणि मोजणी द्यायची. ते खरं काम आहे, कुणीतरी ते करतच असतं. फक्त त्या कुणाचा तरी आणि याचा तुकडा काही आठवडे अदलाबदल करायचा. जाता जाता तो कामावर येतो कसा, तेही विचारावं. दुचाकीचा ब्रेक किंवा क्लच दाबता येत नसेल, तर सगळी योजना गेटच्या बाहेरच अडते.

वेळेची वाढ करताना एकच नियम कसोशीनं पाळावा : एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. पहिला आठवडा रोज ४ तास, मध्ये बुधवारी सुट्टी. दुसऱ्या आठवड्यात तास तेच, पण बुधवार भरायचा. तिसऱ्यात ६ तास, कामाचे तुकडे तेच. चौथ्यात तास तेच आणि एक तुकडा वाढवायचा. पाचव्यात पूर्ण पाळी, ओव्हरटाइम नाही. सहाव्यात उरलेले तुकडे, तेही डॉक्टरांच्या तारखेप्रमाणे. तास आणि वजन एकदम वाढवलं आणि दुखणं उसळलं, तर कशानं उसळलं ते कळत नाही. मग घाबरून दोन्ही मागे घेतलं जातं.

दुखणार आहे, हे आधीच सांगून ठेवावं. आठवडेच्या आठवडे न हललेलं शरीर कुरकुरणारच. फरक ओळखायची सोपी खूण अशी : संध्याकाळी वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या पातळीवर आलं, तर त्याच पायरीवर राहायचं. सकाळीही चढलेलंच असेल, तर एक पायरी खाली यायचं, घरी बसायचं नाही. हातापायाला मुंग्या, नवीन बधिरपणा, सूज किंवा ताप आला, तर मात्र पायरीचा विचार सोडून डॉक्टर गाठायचा.

योजना मोडते ती बहुधा पहिल्या दिवशी नाही. पहिल्या आठवड्यात सगळे विचारपूस करतात. तिसऱ्या आठवड्यात कौतुक संपलेलं असतं, माणूस वरून ठणठणीत दिसतो, आणि लाइनवरचे इतर त्याचं ओझं वाहून कंटाळलेले असतात. मोडण्याचं दुसरं हमखास कारण म्हणजे तास निम्मे केले पण टार्गेट पूर्ण ठेवलं. चार तासांत आठ तासांचं काम म्हणजे हलकं नव्हे, दुप्पट जड. टार्गेटही लेखी कमी करावं, आणि त्या लाइनच्या एकूण आकड्यातूनही तेवढं वजा करावं. नाहीतर सुपरवायझरचा मूळ आकडा तसाच राहतो, आणि त्याच्या जागी कुणीही असतं तरी त्यानं त्या माणसाला जुंपलंच असतं. सहकाऱ्यांना आजार सांगायचा नाही. ‘अमुक तारखेपर्यंत तो थप्पी लावणार नाही, ती तुम्ही दोघांनी वाटून घ्या’ एवढं पुरतं. तारीख सांगितली की कुरबुर निम्मी होते.

अर्ध्या वेळेचा अर्धाच पगार मिळणार असेल, तर माणूस दुखणं लपवून पूर्ण वेळ भरतो. त्यामुळे पैशांचं काय ते पहिल्या दिवसाआधी ठरलेलं बरं.

न दिसणाऱ्या आजारांत किलोचा हिशोब चालत नाही. नैराश्यातून किंवा कर्करोगाच्या उपचारांतून परतलेल्या माणसाला तास झेपतात, पण एकाच वेळी चार गोष्टींवर लक्ष ठेवणं झेपत नाही. तिथे तुकडे मोजायचे ते व्यत्ययांचे : तासाला किती फोन, किती वेळा काम मध्येच तोडावं लागतं, चुकीची किंमत किती मोठी. सुरुवातीला मुदतीचं नसलेलं, एका वेळी एकच असं काम द्यावं आणि थकवा सर्वांत कमी असेल त्या वेळेला ते बसवावं. ही वेळ सकाळचीच असेल असं धरू नये, औषधांची गुंगी कित्येकांना सकाळीच जास्त असते. झोप आणणाऱ्या औषधांवर असताना फोर्कलिफ्ट, शिडी आणि उघडी फिरती यंत्रं पूर्ण बंद. फिटचा आजार नीट आटोक्यात येईपर्यंत रात्रपाळी टाळलेली बरी, कारण झोपमोडीनं झटका येऊ शकतो.

भट्टी किंवा बॉयलरजवळच्या कामाचं वेगळंच. उष्णतेची सवय आठवडाभराच्या गैरहजेरीतही बरीच उतरते. जुन्या, अनुभवी कामगारालासुद्धा पहिल्या दिवशी नेहमीच्या ५० टक्के वेळच उष्णतेत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८०, चौथ्या दिवशी पूर्ण. हे प्रमाणही नायॉशचंच. दुखणं पायाचं होतं म्हणून याकडे दुर्लक्ष होतं आणि माणूस चक्कर येऊन पडतो.

हे सगळं सुरू कधी करायचं? रजेच्या पहिल्याच आठवड्यात, एका फोननं. फोन त्याच्या ओळखीच्या माणसानं करावा. ‘कधी येतोस?’ हा प्रश्न त्यात नसावा. तब्येत, घरी काही अडचण, पगाराच्या कागदपत्रांचं काय, पुढचा फोन कधी, बस. नेदरलँड्समध्ये २००२ पासून कायद्यानंच वेळापत्रक बांधून दिलंय : सहाव्या आठवड्यापर्यंत अडचण काय आहे याची तपासणी, आठव्यापर्यंत मालक आणि कामगारानं मिळून केलेला लेखी आराखडा. जर्मनीत वर्षभरात सहा आठवड्यांपेक्षा जास्त आजारपण झालं की मालकाला अशी बैठक देऊ करावीच लागते. ती स्वीकारायची की नाही हे कामगाराच्या मर्जीवर असतं. सक्तीनं बसवलेल्या माणसाकडून खरं दुखणं कळत नाही, म्हणून मला ही अट फार शहाणपणाची वाटते.

आराखड्यावर शेवटची तारीख हवी, आणि दर आठवड्याला दहा मिनिटांची भेट. लागोपाठ दोन भेटींत पायरी पुढे सरकली नाही, तर पुन्हा डॉक्टर आणि पुन्हा कामाचा कागद. तरीही नाही सरकली, तर तात्पुरत्या बदलाची मुदत वाढवत बसू नये. कायमचा बदल किंवा दुसरं काम यावर उघड बोलावं. आणि दुखापत कामावरच झाली असेल, तर तो परतायच्या आधी ते मशीन, ती शिडी, ती टेपगन बदललेली असली पाहिजे. पहिल्या दिवशी तो सगळ्यात आधी तेच बघतो.