घण का सोडला, तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत असो की एसटीच्या रांगेत, ओळख निघाली की प्रश्न ठरलेला. ‘तुम्ही एकोणीस वर्षं कारखान्यात तापलेलं पोलाद ठोकायच्या हॅमरवर होतात ना? मग मध्येच इन्स्पेक्शनच्या खोलीत काय जाऊन बसलात?’ मी कानाला हात लावतो. डावा गेलाय, उजवा अर्धा आहे. समोरचा ‘अरेरे’ म्हणतो आणि विषय मिटतो.

उत्तर खोटं नाही. पण कान सात-आठ वर्षांतच गेले होते, आणि हॅमर मी त्यानंतरही दहा-बारा वर्षं चालवला. हा हिशेब आजवर कुणी मांडला नाही म्हणून माझं निभावलं.

भाची इंजिनिअरिंगला आहे. तिचा प्रश्न निराळा असतो: ‘मामा, ओतून का नाही घेत? ठोकायचं कशाला?’ हे मात्र मी हौसेनं सांगतो. ठोकलेला, इंजिनातला कनेक्टिंग रॉड उभा कापा, घासून चकचकीत करा, अ‍ॅसिडमध्ये बुडवा. लाकडाला असतात तशा रेषा वर येतात, आणि त्या रॉडच्या आकाराबरोबर वळलेल्या असतात. तोच रॉड सळईतून कातून काढला तर रेषा मध्येच तुटतात, ओतला तर रेषाच नसतात. ठोकताना डायच्या, म्हणजे साच्याच्या, कडेनं पातळ पापुद्रा बाहेर येतो, त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. बघणाऱ्याला तो भंगार वाटतो. पण पातळ म्हणून तो आधी थंड होतो, आडवा होतो, आतल्या पोलादाला पळायला वाट राहत नाही, आणि मगच ते कोपऱ्यात शिरतं. फ्लॅश नीट नसेल तर कोपरे रिकामे. लोक मला ‘टाकीचे घाव’ ऐकवतात. ती म्हण दगडाची आहे. टाकीनं दगड कमी होतो, घणानं पोलाद नुसतं जागा बदलतं.

बघा, पुन्हा विषय टाळला मी.

आमचा हॅमर दोन टनांचा होता. म्हणजे वरून आदळणारा भाग, टप, दोन टन, खालची ऐरण त्याच्या पंधरा-वीस पट. टप मीटरभरावरून नुसता सोडला तरी खाली पोचताना वेग ताशी सोळा किलोमीटर, सायकल जाते तेवढा. फक्त ही सायकल दोन टनांची. हॅमरवर दोघं: एक सांडशीवर, एक पायडलवर. बोलून काही ऐकू येत नाही, म्हणून सांडशीवाला मान हलवतो आणि पायडलवाला ठोका देतो. सगळा व्यवहार मानेवर.

त्या रात्री तिसरी पाळी होती, मे महिना. आधी फ्लॅश कापणारा ट्रिमिंग प्रेस अडला होता, तासभर मागे पडलो होतो. सांडशीवाल्याचा खाडा. हेल्परांत एक पोरगा होता, सहा महिने झालेला, हाताला चलाख. मीच त्याला सांडशी दिली आणि पायडलवर राहिलो. सांडशीचा पहिला नियम असा की दांडे अंगाच्या बाजूला धरायचे, पोटासमोर कधीच नाही. पहाटे चारच्या सुमाराला त्याचे दांडे पोटासमोर आले. मी पाहिलं. थांबवून सांगितलं असतं तर अर्धा मिनिट गेला असता.

फर्नेसमधून जॉब, म्हणजे ठोकायचा तुकडा, बाराशे डिग्रीच्या आसपास निघतो, पिवळाधमक. डायच्या पहिल्या दोन खाचांत माल हवा तिथं जमवायचा, मग ब्लॉकर, म्हणजे कच्च्या आकाराची खाच, मग फिनिशर, पक्क्या आकाराची. त्यानं ब्लॉकरमधून काढला आणि फिनिशरमध्ये बसवताना चाचपडला. जॉब केशरी झाला, मग लालसर. असा जॉब बाजूला टाकायचा असतो. थंड पोलाद दबत नाही, ते ठोका परत करतं. सोडियमच्या दिव्याखाली रंग कळत नाही म्हणणारे आहेत. मला कळत होता.

त्यानं मान हलवली. मी पायडल दाबलं.

जॉब खाचेत बसलेला नव्हता. तो उसळला, सांडशी मागे आली, दांडे त्याच्या पोटात. आवाज असा काही आलाच नाही, तो फक्त खाली बसला. ऑपरेशन झालं, तीन महिने घरी होता, वाचला.

चौकशीत मी सांगितलं, ‘त्यानं इशारा दिला होता.’ कागदावर तेच आहे. तो खरंच मान हलवत होता की डोळ्यांवरचा घाम झटकत होता, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पण तेव्हा ते कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. मनातला तेव्हाचा मी अजून भांडतो: टार्गेट काय तुझ्या बापानं भरलं असतं? मान हलली की ठोका द्यायचा, नियमच तो. खरंय. दांडे बाजूला धरायचे, हाही नियमच होता, आणि तो शिकवायचं काम माझं होतं.

दीड महिन्यानं मी इन्स्पेक्शनला बदली मागितली. प्रायश्चित्त वगैरे समजू नका. पगार तोच होता, चहा वेळेवर मिळायचा. अंधाऱ्या खोलीत जॉबला चुंबक करून चमकणारं द्रावण ओतायचं आणि निळ्या-जांभळ्या दिव्याखाली बघायचं. तडा असला की हिरवी रेघ उमटते. घडी पडलेला, थंडा ठोकलेला जॉबही तिथंच सापडतो. खोलीत शांतता असते, शिट्टी तेवढी माझ्या कानात वाजते.

तो पोरगा परत हॅमरवरच आला. आता पायडलवर असतो, त्याच्या हाताखाली दोन पोरं शिकतात. गेल्या दिवाळीला त्याच्या घरी गेलो होतो, तर त्यानंही तेच विचारलं, ‘दादा, तुम्ही का सोडलंत हो?’

मी म्हणालो, कान.

त्यानं मान हलवली आणि चकलीचं ताट पुढं सरकवलं.