काकूंचा हात का धरला?

जो भेटतो तो विचारतो, म्हणून एकदाचं सांगून टाकते. हो, इजिप्तच्या सहलीत, कर्नाकला प्ताह देवाच्या प्राचीन देवळात मी काकूंचं मनगट धरलं. घट्ट धरलं. मुरगाळलं मात्र नाही. ती भर व्हॉट्सअ‍ॅपवरची.

त्या चिंचोळ्या गाभाऱ्यात छतातल्या भोकातून उजेडाची तिरीप येते. समोर सिंहमुखी देवी सेखमेतची मूर्ती उभी. काळा दगड, डोक्यावर सूर्यबिंब, हातात पपायरसचा दंड. रखवालदाराने दार लोटलं आणि आमची बडबडी मंडळी एकदम गप्प. काकूंनी चपला बाहेरच काढल्या होत्या. पर्समधून कुंकवाची डबी निघाली, अनामिका बुडली. कपाळ उंच, म्हणून त्या पावलांकडे वाकल्या. मी हात धरला.

"अगं, कुंकू लावतेय, खिळा नाही ठोकत!"

डबी निसटली. रखवालदार ओरडायला लागला. मी ओढणीने फरशी पुसत होते आणि सगळे माझ्याकडेच बघत होते. उरलेली सहल काकू माझ्याशी बोलल्या नाहीत.

आता माझी बाजू. साडेतीन हजार वर्षं जुन्या देवळात प्रत्येकाने आपापली भक्ती फासली तर उरेल काय? काकू कोल्हापूरच्या. अंबाबाईची मूर्ती झिजली म्हणून 2015 साली रासायनिक संवर्धन करावं लागलं, हे त्यांना मी सांगायला हवं?

पण आदल्याच दिवशी अबायडॉसला, सेती पहिला या इजिप्तच्या राजाने बांधलेल्या देवळात, मीच रंगवून सांगितलं होतं: हे बघा, भिंतीवर देवाची नित्यपूजा. गाभाऱ्याचं सील तोडायचं, धूप, नवं वस्त्र, मग करंगळीने देवाच्या कपाळाला सुगंधी लेप. निघताना आपल्या पावलांचे ठसेही झाडून टाकायचे. काकू मन लावून ऐकत होत्या.

हा अधिकार राजाचा, त्याच्या वतीने पुजाऱ्याचा. सामान्यांना आत प्रवेशच नव्हता. हे मी नंतर काकूंच्या मुलीला ऐकवलं. "म्हणजे तू पुजाऱ्यांच्या बाजूची?" ती म्हणाली. उत्तर सुचलं नाही. खरं तर अजूनही नाही.

पुन्हा तसं झालं तर? हात धरेनच, जरा हलक्याने. फक्त अबायडॉस कर्नाकच्या आधी ठेवायचं की नंतर, यावर दर सहलीला माझं माझ्याशीच भांडण होतं.