ब वाफ्याचं कोडं सुटलं, आणि ते नत्राचं नव्हतं

गंधक! ब वाफ्यातलं चाऱ्याचं गवत पिवळट का पडतंय, असं मी विचारलं होतं. गंधक मिळालेला पट्टा हिरवा झाला.

युरियाचा, म्हणजे नत्राचा (नायट्रोजनचा), आणखी एक हप्ता देऊन बघा, असं बहुतेकांनी सुचवलं होतं. दिला. वर लगेच पाणीही सोडलं, म्हणजे अमोनिया होऊन उडून गेला असं म्हणायला जागा नको. गवत ढिम्म. तोच फिकट पोपटी रंग.

मग खाली बसून एकेक फुटवा उपटून पाहिला. जुनी पानं हिरवी, आणि पोंग्यातून नुकतं निघालेलं पान पिवळट. नत्र कमी असतं तर उलटं दिसलं असतं, कारण गवत जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्यांना देतं. गंधक तसं सहजासहजी हलत नाही. शिवाय अ वाफ्याची माती तीच, बियाणं तेच, आणि तो कधीच पिवळा पडला नाही. तिथे स्फुरद (फॉस्फरस) सिंगल सुपर फॉस्फेट या खतातून जातं, त्यात साधारण ११ टक्के गंधक असतं. ब ला डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट), त्यात गंधक नाही.

खात्रीसाठी ब चे पट्टे पाडले. एकावर अमोनियम सल्फेट (नत्र अधिक गंधक), शेजारी तेवढंच नत्र युरियातून, आणि पलीकडे नुसतं जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), म्हणजे गंधक आहे पण नत्र शून्य. जिप्समचा पट्टा हिरवा झाला, युरियाचा नाही! कॅल्शियममुळे झालं असेल असं कुणी म्हणण्याआधी सांगतो, कोपऱ्यातला चुना टाकलेला तुकडा अजून फिकाच आहे.

जिप्सम हातातल्या फिरत्या स्प्रेडरमधून पसरायच्या भानगडीत पडू नका. भुकटी ओल धरते, गोळे होतात, तोंड तुंबतं. कोरड्या वाळूत मिसळून हातानेच फेकलं, अर्धं उभं, अर्धं आडवं. पट्ट्याची कड आता लांबूनही कळते. रोज एक चक्कर नुसती तेवढ्यासाठी होते.

पण डोकं फिरवणारी गोष्ट वेगळीच आहे. याच पिवळ्या गवताच्या चाचणीत कच्ची प्रथिनं उत्तम आली होती! प्रयोगशाळा एकूण नत्र मोजते आणि ६.२५ ने गुणते. ते नत्र खरोखर प्रथिनात गेलंय की नायट्रेट होऊन नुसतं पडून आहे, हे त्या आकड्यात दिसत नाही. गंधकाशिवाय सिस्टीन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लं बनत नाहीत, प्रथिनं अडतात, उचललेलं नत्र साचतं. कागदावर चारा झकास. यापुढे नत्र-गंधक गुणोत्तर मागितल्याशिवाय नमुना पाठवणार नाही. ते १५ च्या बरंच वर गेलं की संशय घ्यायचा. आणि प्लास्टिकच्या पिशवीत घामेजलेला नमुनाही चालतो म्हणणाऱ्या प्रयोगशाळेत तर नाहीच.

आता क वाफा. तिथे पालाश (पोटॅशियम) वाढवायचा बेत होता, कारण कापून नेलेल्या गवताबरोबर ते भरपूर जातं. पण एकदम दिलं तर गवत गरजेपेक्षा जास्त उचलतं आणि मॅग्नेशियम मागे पडतं. चरणाऱ्या गायींना टिटॅनी (स्नायूंना झटके येणं) होते ती मॅग्नेशियमच्या कमतरतेनेच. म्हणून दर कापणीनंतर थोडं थोडं.

नाही, थांबा. क राहू दे. नायट्रेट बुंध्याकडच्या खोडात जास्त साठतं, मग ब मधल्या युरियाच्या आणि अमोनियम सल्फेटच्या पट्ट्यांतले बुंधे एकाच सकाळी कापून रसाला नायट्रेट तपासायची पट्टी लावून का बघू नये? नत्र दोन्हीकडे सारखंच दिलंय. युरियाच्या बाजूला रंग गडद आला तर साचण्याचा तर्क पक्का. माझ्याकडच्या तपासणीच्या पट्ट्यांची मुदत संपली आहे. रंग नीट वाचता येईल अशा कुणी वापरल्या असतील तर सांगा, कापणी तोवर थांबवतो.